जांभळ्या चुऱ्याची सहा वर्षं

फेब्रुवारीत, म्हणजे 2025 च्या, माझा रसायनशास्त्रातल्या पीएच.डी.चा व्हायवा (तोंडी परीक्षा) झाला. तेव्हापासून चार जणींचे फोन आले आणि चौघींचा प्रश्न एकच, "पोर्फिरिन विषय घेऊ का गं? की हात पोळतील?" प्रत्येकीशी तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. हात पोळतात. पण कुठे पोळतात ते आधी माहीत असलं तर बरं पडतं.

विषय काय ते आधी सांगते. पोर्फिरिन म्हणजे पायरोलच्या चार छोट्या कड्या जोडून झालेलं एक मोठं सपाट कडं. मधल्या पोकळीत धातू बसतो. लोखंड बसलं की आपल्या रक्तातलं हीम. कड्यात थोडा फेरफार होऊन मॅग्नेशियम बसलं की पानातलं क्लोरोफिल. आपल्या यकृतात सायटोक्रोम पी-450 नावाची एन्झाइम्स असतात, त्यांच्या पोटातही हेच हीम. एखाद्या रेणूवर नेमक्या एका जागी ऑक्सिजन ठेवून द्यायचं काम ती बिनबोभाट करतात. 1979 मध्ये ग्रोव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या लोह-पोर्फिरिनवर आयोडोसोबेन्झीन (ऑक्सिजन पुरवणारं द्रव्य) वापरून तसंच काम फ्लास्कमध्ये करून दाखवलं. माझा सगळा खटाटोप त्याच वाटेवरचा: मँगनीज पोर्फिरिन बनवायचं आणि ते उत्प्रेरक म्हणून वापरून सायक्लोहेक्झीनपासून फक्त एपॉक्साइड (दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसलेला रेणू) मिळवायचं. 'फक्त' या शब्दापायी चार वर्षं गेली.

आमचं पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळ आहे. माझ्या गाइड मॅडमनी पहिल्या दिवशी सिलेक्टिव्हिटी (हवा तोच पदार्थ मिळवणं) समजावून सांगितली तेव्हा मला आमचा गुळव्या आठवला. रस उकळवणं कुणालाही जमतं. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघायचं आणि नेमक्या क्षणी काहील उतरवायची, पैसे त्याचे असतात. सायक्लोहेक्झीनवर ऑक्सिजन बसतो हो, पण दुहेरी बंधावर बसण्याऐवजी शेजारच्या कार्बनवर बसला की अल्कोहोल आणि कीटोनचा गाळ होतो.

2018 मध्ये सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) पास झाले, त्यामुळे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा टळली, मुलाखत तेवढी द्यावी लागली. जानेवारी 2019 ला नोंदणी. पहिले सहा महिने कोर्सवर्क. एक सांगते, मुलाखतीआधी आपल्या सगळ्या कागदांवरचं नाव एकदा जुळवून बघा. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आबांचं, म्हणजे वडिलांचं, नाव एका पद्धतीनं आणि आधारवर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेलं. एका वेलांटीसाठी सहा आठवडे आणि दोन प्रतिज्ञापत्रं गेली. चूक माझीच, दहा वर्षं तो कागद माझ्याच पेटीत होता.

जुलैच्या शेवटी पायरोलची ऑर्डर दिली, 100 मिलीची बाटली. आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरात महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही, गॅस नाही. माझी बाटली कुठल्या तरी गोदामात अडकली. लोकांची घरं बुडालेली असताना बाटलीची चौकशी करायला जीभ रेटेना, म्हणून गप्प बसले. 21 तारखेला पार्सल आलं. उघडलं तर आत काळ्या चहासारखं तपकिरी पाणी.

मला रडूच फुटलं. लॅबमधले मामा (तीस वर्षं त्याच लॅबमध्ये, आता रिटायर झाले) म्हणाले, "टाकू नका ताई. डिस्टिल करून बघा की. दरसाल कोण ना कोण ह्या बाटलीपाशी रडतंयच." पायरोल हवेत आणि उजेडात असंच काळं पडतं. 130 अंशांच्या आसपास उकळू लागलं आणि कंडेन्सरच्या तोंडातून पाण्यासारखे स्वच्छ थेंब पडायला लागले, तेव्हा जीव भांड्यात पडला. शंभरातले साठ मिली हाती आले. तेव्हापासून नियम: वापरायच्या दिवशीच डिस्टिल, उरलेलं फॉइल गुंडाळून, नायट्रोजन भरून फ्रिजमध्ये, आणि बाटलीवर तारीख. बेन्झाल्डिहाइडचंही तेच. त्याच्या बुचाभोवती पांढरे खडे दिसले तर ते बेन्झोइक ॲसिड आहे, बाटलीतला माल तेवढा कमी झाला असं समजा.

पहिली बॅच 9 सप्टेंबरला. ॲडलर आणि लोंगो यांची 1967 ची पद्धत, दिसायला अगदी सोपी: 300 मिली प्रोपिऑनिक ॲसिड उकळतं ठेवायचं, त्यात 8 मिली बेन्झाल्डिहाइड आणि साडेपाच मिलीच्या वर थोडं पायरोल सोडायचं, अर्धा तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत उकळणं), मग थंड करून गाळायचं. हवा लागू द्यायची, कारण शेवटचं ऑक्सिडेशन हवेतला ऑक्सिजनच करतो. पायरोल पडताच रंग पिवळा, केशरी, लाल करत दोन मिनिटांत डांबरासारखा काळा होतो. मळी न काढलेली काहील बघितली असेल त्यांना कल्पना येईल. यात काही असेल यावर माझा विश्वासच नव्हता.

रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी बुकनर फनेलवर ओतलं. काळं पाणी खाली गेलं. मेथॅनॉलनं धूत गेले तसा कागदावर चुरा उघडा पडत गेला. जांभळा, आणि नुसता जांभळा नाही, चकाकणारा. फनेल खिडकीकडे कलतं केलं की जरीच्या काठासारखी चमक सरकायची. 1.7 ग्रॅम, म्हणजे हिशोबानं मिळायला हवा त्याच्या 14 टक्के. पुस्तकात 20 लिहिलेले. मॅडम म्हणाल्या, "चौदा म्हणजे हात चांगला आहे." तेव्हा वाटलं समजूत घालतायत. नंतर कळलं, खरंच चांगला होता.

आता वासाबद्दल. प्रोपिऑनिक ॲसिडचा वास म्हणजे नासकं ताक अधिक दिवसभर घातलेले मोजे. फ्युम हूडमध्ये काम केलं तरी केसांत आणि ओढणीत बसतो. त्या दिवशी केएमटीच्या बसमध्ये माझ्या शेजारची बाई दोन स्टॉप आधीच उठून उभी राहिली. घरी आबा म्हणाले, "काय गं, काय कुजवून आलीयास?" लॅबसाठी कपड्यांचा वेगळा जोड आणि वेगळी सॅक ठेवा. कोट घरी धुवायला आणू नका.

चुरा शुद्ध आहे का हे यूव्ही-व्हिजिबलवर (कोणता प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख काढणारं यंत्र) पहिल्यांदा कळतं. 418 नॅनोमीटरला पोर्फिरिनचं सगळ्यात उंच शिखर, सोरे बँड, आणि 515 पासून 646 पर्यंत चार छोट्या पायऱ्या उतरत जातात. माझी शेवटची पायरी उतरण्याऐवजी चढलेली. म्हणजे आत क्लोरिन आहे. पाण्यात टाकतात ते क्लोरीन नव्हे, पोर्फिरिनचाच एक अर्धवट ऑक्सिडेशन झालेला भाऊ. डीडीक्यू (उरलेलं ऑक्सिडेशन पुरं करणारं द्रव्य) घालून थोडा वेळ रिफ्लक्स केलं आणि कॉलममधून (मिश्रण वेगळं करणारी भरलेली काचेची नळी) काढलं, तेव्हा पायऱ्या सरळ झाल्या.

मग एनएमआर, रेणूतला कुठला हायड्रोजन कुठे आहे ते शिखरांवरून दाखवणारी तपासणी. नमुना बाहेरगावी पाठवावा लागायचा, रांग तीन आठवड्यांची. रिपोर्ट आला तर सगळी शिखरं जागेवर, पण कड्याच्या आतल्या दोन एनएच हायड्रोजनचं शिखरच नाही. दोन रात्री झोपले नाही. ते शिखर असतं उणे 2.7 ला, शून्याच्या उजवीकडे. नेहमीचा स्कॅन तिथवर जातच नाही, आणि मी चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. पुन्हा पैसे, पुन्हा तीन आठवडे. पोर्फिरिन करणाऱ्या प्रत्येकीनं सॅम्पलच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहावं: उणे पाचपर्यंत घ्या.

मार्च 2020 मध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा माझा कॉलम स्टँडवर अर्धा उतरलेला होता. मी गावी गेले ती सप्टेंबरलाच परतले. कॉलम वाळून भेगाळलेला, पायरोल पुन्हा काळं, पण फॉइलमधला जांभळा चुरा जसाच्या तसा. त्या काळात फेलोशिप नऊ महिने थकली. तासिका तत्त्वावर एका ज्युनियर कॉलेजात ऑनलाइन शिकवलं, त्यावर भागलं. फेलोशिप धरून हप्ते बांधू नका, एवढंच म्हणेन.

धातू घालणं त्या मानानं सुखाचं काम. डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये मँगनीज ॲसिटेट घालून रिफ्लक्स केलं की जांभळा रंग हिरव्याकडे झुकत जातो. संपलं की नाही ते बघायला सोपी युक्ती आहे: टीएलसीच्या पट्टीवरचा (तिच्यावर मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे ठिपके होऊन चढतात) ठिपका यूव्ही दिव्याखाली धरा. धातू नसलेलं पोर्फिरिन लालभडक चमकतं, मँगनीज बसलेलं चमकत नाही. लाल ठिपका नाहीसा होईपर्यंत मी दर अर्ध्या तासानं अंधाऱ्या खोलीत जायचे. ते काम मला फार आवडायचं. मध्येच हीटिंग मँटल (फ्लास्क तापवायची विजेची शेगडी) जळालं. नवीन साडेचार हजारांचं आणि त्यासाठी तीन कोटेशनं. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी कॉइल 350 रुपयांत पुन्हा गुंडाळून दिली, ती शेवटपर्यंत टिकली. "काय शिजवता ह्यात?" असं त्यांनी विचारलं. रक्तासारखं काहीतरी, असं सांगितल्यावर पुढे काही विचारलं नाही.

लोखंडाशी मात्र माझं जमलं नाही. लोह-पोर्फिरिन अल्युमिनाच्या कॉलममधून काढलं की दोन रेणू मध्ये एक ऑक्सिजन धरून जोडीनं बाहेर यायचे, आणि ती जोडी माझ्या कामाला निरुपयोगी. सहा महिने घालवून लोखंड सोडलं. पण नोंदणीच्या वेळी शीर्षकात 'लोह आणि मँगनीज' असं ठासून लिहिलेलं! शीर्षक बदलायला माझा अर्ज, गाइडचं पत्र, सल्लागार समितीची शिफारस, मग मान्यता समितीची बैठक, आणि ती बैठक तिच्या वेळेला. पाच महिने. शीर्षकात 'धातू-पोर्फिरिन' असं सैल लिहा. धातू कोणता ते आत ठरवता येतं.

आता ज्या भागासाठी हे सगळं लिहायला बसले तो. ऑगस्ट 2021. मँगनीज पोर्फिरिन, सायक्लोहेक्झीन, आयोडोसोबेन्झीन, दोन तास, आणि जीसीवर (मिश्रणात काय किती आहे ते मोजणारं यंत्र) पहिल्याच फटक्यात भरपूर माल. एपॉक्साइड निम्म्याहून थोडं जास्त, बाकी अल्कोहोल आणि कीटोन. मी खुशीत. तीन वेळा केलं, तिन्हीदा तसंच. आलेख काढून, रंग भरून मॅडमना नेऊन दिला. त्यांनी आलेखाकडे बघितलंच नाही. विचारलं, "ब्लँक केलास?"

नव्हता केला. उत्प्रेरक न घालता बाकी सगळं तसंच ठेवून करायची ती रिॲक्शन. काही होणारच नाही त्यात, मग वेळ कशाला घालवा, असं मनात. दुसऱ्या दिवशी केला. एपॉक्साइड जवळजवळ शून्य, पण अल्कोहोल आणि कीटोन तेवढेच्या तेवढे हजर! म्हणजे ज्या गाळाचं खापर मी पोर्फिरिनवर फोडत होते, त्याच्याशी त्याचा संबंधच नव्हता.

दोष बाटलीत होता. सायक्लोहेक्झीन दोन वर्षं कपाटात उघड-मीट होत पडलेलं. असं राहिलं की ते हवेशी स्वतःच संधान बांधतं आणि आत पेरॉक्साइड तयार होतात. स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवली, निळी झाली. (असं जुनं द्रव्य तपासल्याशिवाय डिस्टिल करायला जाऊ नका. पेरॉक्साइड तळाशी साठून स्फोट होऊ शकतो.) अल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून ते गाळलं, पट्टी पांढरी राहीपर्यंत, नायट्रोजनखाली रिॲक्शन लावली आणि गाळ पाव हिश्श्यावर आला. तीन महिन्यांच्या नोंदींवर आडवी रेघ मारली. वही फाडली नाही. ती पानं पुढे उपयोगी पडली.

आयोडोसोबेन्झीनबद्दलही सांगून ठेवते: ते हवेवरच वाळवा, ओव्हनमध्ये कधीच नको, तापवलं तर स्फोट होतो. आणि लागेल तेवढंच करा, ठेवलेलं आपोआप बिघडतं.

गाळ कमी झाला तर दुसरंच दुखणं निघालं. तासाभरात फ्लास्कमधला हिरवा रंग फिका पडायचा. उत्प्रेरकच स्वतःला जाळून घेत होता. ऑक्सिजन धरलेला एक रेणू शेजारच्या रेणूचं कडं फोडतो. यावरचा इलाज जुना आणि माहितीतला आहे: साध्या बेन्झाल्डिहाइडऐवजी 2,6-डायक्लोरोबेन्झाल्डिहाइड घ्यायचं. प्रत्येक फिनाइलच्या दोन्ही खांद्यांवर क्लोरीन बसतात आणि दुसऱ्या रेणूला जवळ येऊ देत नाहीत. पण असं अल्डिहाइड उकळत्या प्रोपिऑनिकमध्ये नीट जमत नाही. त्याला लिंडसे यांची 1987 ची पद्धत लागते. साध्या तापमानाला, बोरॉन ट्रायफ्लोराइड घालून, आणि सगळं अतिशय पातळ द्रावणात. अर्धा लिटर डायक्लोरोमिथेनमधून मला पहिल्यांदा मिळाले 70 मिलिग्रॅम. चिमूटभर.

आणि महिना एप्रिल. डायक्लोरोमिथेन 40 अंशांना उकळतं, आणि आमच्या टाकीचं पाणी दुपारी चहा करावा असं. रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवून, थंड करून परत गोळा करणारं यंत्र) सॉल्व्हंट परत मिळायच्या ऐवजी उडूनच जायचा. मग रोज सकाळी येताना बर्फाची लादी आणायची, गोणपाटात गुंडाळून स्कूटीच्या पायांपाशी. बर्फवाल्याला वाटायचं माझा सरबताचा गाडा आहे. बादलीत बर्फ आणि त्यात मत्स्यालयाचा 200 रुपयांचा पंप टाकून ते पाणी कंडेन्सरमधून फिरवलं. उन्हाळ्यात हा जुगाड कुठेही चालतो.

त्या चिमटीनं काम केलं. रंग टिकला. आयोडोसोबेन्झीन सोडून हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता आलं, त्यातून मागे उरतं ते फक्त पाणी. नुसतं पेरॉक्साइड घातलं की मँगनीज त्याचे बुडबुडेच करून टाकतं. थोडं इमिडाझोल घातल्यावर ते ताळ्यावर आलं. एपॉक्साइड नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं तो दिवस 14 जून 2022. बाहेर पाऊस होता, जीसीच्या खोलीत मी एकटी. ब्लँक आधीच लावून ठेवला होता.

पुढचं भराभर सांगते. पेपर एका ठिकाणी नाकारला गेला, दुसऱ्या ठिकाणी सात महिन्यांनी आला. आमच्या वेळच्या नियमात सबमिशनआधी एक पेपर आणि दोन परिषदांत सादरीकरण लागायचं. तुमची नोंदणी कोणत्या नियमाखाली आहे ते आधी बघा, मैत्रिणीच्या अनुभवावर जाऊ नका. दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल वेळेवर द्या आणि पोच घ्या. माझ्या एका अहवालाची पोच मी घेतली नव्हती, तो शेवटी पुन्हा सही करून द्यावा लागला.

मे 2024 मध्ये प्री-सबमिशन सेमिनार. साहित्यचौर्याच्या तपासणीत पहिला आकडा 23 टक्के आला आणि मर्यादा 10! घाबरू नका. त्यातला बराचसा माझाच छापलेला पेपर होता आणि उरलेली कृतीची ठरीव वाक्यं. गाइडच्या प्रमाणपत्रासह स्वतःचा पेपर वगळून घेतला, कृती पुन्हा आपल्या शब्दांत लिहिल्या, 7 वर आला. पाच प्रतींची छपाई आणि बांधणी 6,200 रुपये. रंगीत पानं वेगळी छापून घ्या, निम्मे पैसे वाचतात. मीच सगळी रंगीत काढून बसले होते. ऑगस्टमध्ये सबमिशन आणि मग सहा महिने वाट बघणं. या सहा महिन्यांत काहीही करता येत नाही. मी गुऱ्हाळावर हिशोब लिहिले.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक शांत गृहस्थ. सादरीकरण झाल्यावर म्हणाले, "तुमच्या तक्त्यात ब्लँकच्या तीन ओळी आहेत. सहसा एक असते." मी तिसरी वही उघडून आडव्या रेघा मारलेली पानं दाखवली आणि बाटलीची गोष्ट सांगितली. पंधरा मिनिटं त्यावरच बोलणं झालं. आबा मागच्या रांगेत बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ती बाटली फेकली का न्हाई?"

पदवीची अधिसूचना महिन्याभरानं निघाली. माझ्या जागेवर आता नवी मुलगी आली आहे. 340 मिलिग्रॅम उत्प्रेरक, फॉइलमध्ये, नाव-तारीख घालून तिच्याकडे दिला. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, रडवेल्या आवाजात. पायरोलची नवीकोरी बाटली उघडली, आत सगळं तपकिरी. मी म्हटलं, टाकू नकोस, मँटल लाव.